लेडी मॅक्बेथ : माझं बदललेलं मत

शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकातल्या लेडी मॅक्बेथबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं : नवरा मूळचा बरा, हिनं त्याला राजाच्या खुनाला लावलं. नाटकाच्या शेवटी त्या राजाचा मुलगा माल्कम तिला राक्षसीण ठरवतो, तेही मला पटायचं. आता पटत नाही.

नाटक पुन्हा सावकाश वाचताना आधी घटनाक्रम डोळ्यांत भरला. तू राजा होशील, हे चेटकिणींचं भाकीत ऐकल्यावर लगेच मॅक्बेथच्या मनात खुनाचा विचार येतो, तेव्हा त्याची बायको रंगमंचावर आलेलीही नसते. तो कचरतो तेव्हा ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते, पहारेकऱ्यांना दारू पाजायचा बेत आखते, खुनानंतर त्यानं सोबत आणलेले खंजीर परत नेऊन ठेवते. हे पाप तिचंच. पण झोपलेला राजा डंकन वडिलांसारखा दिसला म्हणून आपल्या हातून वार झाला नाही, हेही तीच सांगते. आपलं बाईपण काढून घ्या, अशी दुष्ट शक्तींची विनवणी ती करते. जी मुळातच निर्दय असती, तिला हे मागावं लागलं नसतं.

माझं मत खऱ्या अर्थानं फिरवलं ते तिसऱ्या अंकातल्या एका छोट्या प्रवेशानं. राणी झालेली ही बाई नवऱ्याशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून नोकराकरवी निरोप धाडते. एकटी असताना, सगळं घालवून हाती काहीच लागलं नाही, असं ती स्वतःशी कबूल करते. तो आत येताच मात्र स्वतःचं दुःख गिळून त्यालाच धीर देते. तो आपला सहकारी सरदार बँको याच्या खुनाचा बेत तिच्यापासून लपवतो. ज्या सत्तेसाठी तिनं जीव पणाला लावला, त्या सत्तेत तिला सल्लामसलतीपुरतीही जागा उरत नाही. चौथ्या अंकात तर ती दिसतच नाही.

पाचव्या अंकात ती झोपेत चालते, न दिसणारं रक्त धुते आणि मॅक्बेथनं मारवलेल्या, सरदार मॅकडफच्या बायकोची आठवण काढते. तो खून तिला न विचारता झाला होता, तरी त्याचा भार तीच वाहते. सारा सिडन्स या अभिनेत्रीनं १७८५ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात हा प्रवेश करताना हातातली मेणबत्ती खाली ठेवली, कारण हात धुवायचे तर दोन्ही मोकळे हवेत. तिनं ही व्यक्तिरेखा किती आतून वाचली होती!

मी लेडी मॅक्बेथला निर्दोष म्हणत नाही. तिचा गुन्हा खुनाचा आहे. पण बाईनं महत्त्वाकांक्षा धरली हाच जणू मूळ गुन्हा, असं मी पूर्वी धरून चाललो होतो, ते मी आता सोडून दिलं आहे. माल्कम मारल्या गेलेल्या बापाचा मुलगा आहे, त्याचा संताप रास्तच. पण त्यानं तिला झोपेत चालताना पाहिलेलं नाही. आपण पाहिलं आहे, म्हणून त्याचा निवाडा आपण जसाच्या तसा उचलू नये.