ऑगस्टातल्या घारी

दिल्लीत संक्रांतीला पतंग फारसे दिसत नाहीत. जानेवारीत इथे धुकं असतं, काही दिवस तर दुपारपर्यंत समोरची इमारत दिसत नाही. इथले पतंग चढतात ते जुलै सरता सरता, आणि १५ ऑगस्टला यमुनेपलीकडच्या गच्च्यागच्च्यांवर अख्खी घरं चढलेली असतात. मी नागपूरची, संक्रांतीच्या पतंगांच्या 'ओ पार'च्या आरोळ्यांत वाढलेली. लग्न होऊन मयूर विहारला आले तेव्हा पावसाळ्यातलं ते रंगीत आभाळ पाहून माहेरचा सण सहा महिने उशिरा भेटल्यासारखं वाटलं होतं. पतंग मला आजही आवडतात. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून मी पतंगांच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये.

याच दिवसांत दिल्लीच्या आभाळात घारींची त्या वर्षीची पिल्लंही असतात. घारी हिवाळ्यात घरटी बांधतात, उन्हाळा संपेपर्यंत पिल्लं घरट्याबाहेर पडतात आणि पावसाळ्यात ती उडायला सरावत असतात. पतंगाला जो वारा लागतो तोच घारीलाही लागतो. दुपारी तीननंतर वारा धरला की दोघंही एकाच उंचीवर असतात.

घारी दिल्लीत किती आहेत हे बाहेरून आलेल्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. मान वर करून दहा मिनिटं उभं राहावं लागतं. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्या शेकड्यांनी घिरट्या घालतात. जुन्या दिल्लीत सदका, म्हणजे दान, म्हणून माणसं मांसाचे तुकडे हवेत फेकतात आणि घारी ते वरच्या वर झेलतात. शिकारी पक्ष्यांची इतकी दाट वस्ती जगातल्या फार थोड्या शहरांत आहे. हिवाळ्यात त्यांच्यात पाहुण्याही मिसळतात. संशोधक निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत काही घारींच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बसवली, तेव्हा कळलं की त्या काराकोरम ओलांडून, के-टू शिखराच्या परिसरातून, सहा हजार मीटरच्याही वरून मध्य आशियात जातात आणि थंडीत परत येतात. एवढा प्रवास करणारा पक्षी पटपडगंजच्या एखाद्या पिंपळावर दोऱ्याला लटकून मरतो, हे मी पाहिलेलं आहे. ते पाहिल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

पहिला निरोप आमच्या सोसायटीच्या गेटवरून आला होता. "मॅडमजी, पीपल पे चील फँसी है." मी गच्चीवर चिमण्यांसाठी पाणी ठेवते, एवढ्या भांडवलावर चौकीदाराने मला पक्ष्यांची जाणकार ठरवलं होतं. खाली गेले तर तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक घार उलटी लटकलेली. दर थोड्या वेळाने ती उसळी मारायची, पंख फडफडवायची आणि पुन्हा थंड पडायची. खाली पंधरावीस माणसं जमली होती, बरेच जण फोनवर चित्रण करत होते. अग्निशमन दलाला फोन केला. दिल्लीत झाडांवर अडकलेल्या पक्ष्यांसाठी ही माणसं खरोखर येतात, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. एक जवान शिडीवरून चढला, दोरा वरून कापला आणि घार जाळीच्या पिशवीत घालून खाली आणली.

ती जखम सांगायलाच हवी, कारण लांबून ती दिसत नाही. नायलॉनचा मांजा तुटत नाही. त्यावर काचेची किंवा धातूची भुकटी चढवलेली असते. उडत्या घारीच्या पंखाची पुढची कड त्याला लागते. तिथे खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक ताणलेला पडदा असतो, त्याच्या आत पंख उघडझाप करणारी शीर. पक्षी सुटायला धडपडतो आणि प्रत्येक धडपडीगणिक दोरा करवतीगत आत जातो. आधी कातडी, मग स्नायू, मग शीर, आणि बराच वेळ लटकली तर हाडापर्यंत. शीर शाबूत असेल तर घार महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा उडू शकते. शीर तुटली तर बहुतेक वेळा नाही. म्हणजे दोरा दिसल्यापासून तो कापेपर्यंतच्या वेळावर सगळं अवलंबून असतं. त्या वेळात चित्रण करत उभं राहणाऱ्यांना मी आता सरळ हाताला धरून कामाला लावते. एकाने खोका आणायचा, एकाने टॉवेल, एकाने गर्दी मागे सारायची. सांगितलं की माणसं करतात. काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

घारीला धरताना चोचीची भीती वाटते, पण सांभाळायचं असतं ते नखांना. टॉवेल डोक्यावरून टाकायचा. अंधार झाला की ती शांत होते. मग पाय एकत्र घट्ट धरायचे आणि पंख अंगाशी मिटवायचे. जखमेतला दोरा ओढून काढायचा नाही. दोन्ही बाजूंनी थोडा सोडून कापायचा आणि आतला तुकडा डॉक्टरांसाठी ठेवायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. दूध तर मुळीच नाही, आणि दूध पाजायला निघालेलं कुणीतरी प्रत्येक वेळी असतंच. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला जुनं कापड, वर झाकण, आणि निघायचं.

त्या दिवशी खोका मांडीवर घेऊन रिक्षाने पुश्ता रोड धरला. सिग्नेचर पुलावरून यमुना ओलांडली की वजीराबाद. तिथे नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोन भाऊ 'वाइल्डलाइफ रेस्क्यू' नावाने घारींवर उपचार करतात. शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' या माहितीपटामुळे त्यांची नावं जगभर गेली. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही ठिकाणी त्याला माहितीपटांसाठीचं पारितोषिक मिळालं आणि २०२३ मध्ये तो ऑस्करच्या नामांकनांत होता. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे भाऊ घराच्या तळघरात काम करत होते, साबणाच्या पंपांच्या धंद्याशेजारी.

त्यांची सुरुवात कशी झाली ते मला महत्त्वाचं वाटतं. किशोरवयात त्यांना एक जखमी घार सापडली. चांदनी चौकात, लाल किल्ल्यासमोरच्या जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, ती घेऊन ते तिथे गेले. घार मांस खाते, म्हणून तिला तिथे घेता आलं नाही. त्या रुग्णालयात पिढ्यान्‌पिढ्या हजारो कबुतरं आणि पोपट विनामूल्य बरे झाले आहेत, आणि दाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या जागेत मांस आणायचं नाही हे त्यांचं तत्त्व मी समजू शकते. तरी प्रश्न उरतोच, की मग घारीने जायचं कुठे? दोघं भाऊ तरुणपणी शरीरसौष्ठवाच्या नादात होते. स्नायू कुठे जोडलेला असतो, शीर कशी काम करते, हे त्यांना त्या नादातून माहीत झालं होतं. त्या बळावर त्यांनी २००३ च्या सुमारास घारी घरी आणायला सुरुवात केली. तेव्हापासून हजारो पक्षी त्यांच्या हातांखालून गेले आहेत.

मी नेलेल्या घारीचा पंख तिथल्या एका तरुणाने उजेडात उलगडून पाहिला. शीर अर्धी कापली गेली होती. नाव-पत्ता लिहून घेतला, पावती दिली, आणि पुढचा खोका उघडला. ओळीने खोके होते. बुटांचे, मिक्सरचे, एक तर मिठाईचा. माझ्यामागे एक मुलगा स्कूटरवरून शहादऱ्याहून दोन घारी घेऊन आला होता. माझी घार वाचली, पण पुन्हा उडाली नाही.

घारीबद्दल माणसांना माया नसते. कुत्र्याच्या पिल्लाला हात लावावासा वाटतो, पोपट बोलतो, गाईला हात जोडले जातात. घार मेलेलं खाते, कचऱ्यावर बसते, कधी हातातला समोसा उचलते, तिच्या रूपाला अपशकुन चिकटवलेला आहे. तिला खोक्यातून नेताना माझ्या शेजारणीने विचारलं होतं, "हिच्यासाठी कशाला?" शेजारीण चांगली बाई आहे, रोज गल्लीतल्या कुत्र्यांना पोळ्या घालते. आवडीवर आधारलेली भूतदया आवडीपाशीच थांबते. जखमेला मात्र कुणाची आवड कळत नाही. नागपूरला आई म्हणायची, दारात आलेल्याची जात विचारू नये. ते माणसांबद्दल होतं, मी ते पक्ष्यांनाही लावते.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. प्राण्यांवरच्या क्रूरतेचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यात एक काठी असते आणि ती धरणारा हात असतो. कायदेही त्याच चित्रातून आले. ब्रिटनच्या पार्लमेंटने १८२२ मध्ये गुराढोरांना निर्दयपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, तो चाबकाकडे पाहूनच. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही मारणं, जास्त ओझं लादणं, उपाशी बांधून ठेवणं असे गुन्हे मोजतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि ही रक्कम आज वाचताना लाज वाटते. पण घारीच्या पंखातल्या मांजामागे असा हात सापडत नाही. पतंग उडवणारा पोरगा कुणाचा जीव घ्यायला गच्चीवर गेलेला नसतो. त्याचा पतंग कापला गेला, दोरा झाडावर पडला, तो जेवायला खाली गेला. सुती दोरा दोन पावसांत कुजतो, नायलॉन तिथेच राहतो. ऑक्टोबरातही त्याला पक्षी अडकतात.

असा हात नसलेला घात सगळ्या जगात चालू आहे. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत कासवं गुदमरतात, अमेरिकेतल्या काचेच्या इमारतींवर दरवर्षी प्रचंड संख्येने पक्षी आदळून मरतात. आणि आपल्या देशातलं गिधाडांचं उदाहरण तर मला विसरता येत नाही. शेतकऱ्याने आजारी गाईचं दुखणं कमी व्हावं म्हणून तिला डायक्लोफेनॅक दिलं. गाय मेली, गिधाडांनी ती खाल्ली आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी झाले. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांसाठीच्या त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. दरम्यान बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास सुरू केली होती. सगळ्या साखळीत दुष्ट माणूस एकही नाही, उलट पहिलं पाऊल मायेनेच उचललेलं. म्हणून मला नुसता संताप पुरेसा वाटत नाही. ज्याला ठाऊकच नाही त्याच्यावर ओरडून काय होणार, त्याला जाऊन सांगायला पाहिजे.

दिल्लीत कायदा आहे, आणि तो पक्ष्यांमुळे नव्हे, माणसांच्या मरणामुळे आला. २०१६ च्या १५ ऑगस्टला शहरात दोन लहान मुलांचे आणि एका तरुणाचे गळे मांजाने चिरले गेले. त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये दिल्ली सरकारने अधिसूचना काढली: नायलॉनचा, प्लास्टिकचा, तसंच काच किंवा धातू लावलेला कुठलाही धारदार दोरा बंद, फक्त साधा सुती दोरा चालेल. तेव्हा शिक्षा होती पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. आपल्याकडे येवल्यात आणि नागपुरात दर संक्रांतीला याच मांजाने दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या येतात. माझा भाचा हेल्मेटखाली मफलर बांधूनच बाहेर पडतो.

२०२५ च्या ऑगस्टात या शहरात प्राण्यांवर जितकी चर्चा झाली तितकी मी कधी ऐकली नव्हती. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. २२ तारखेला मोठ्या पीठाने त्यात बदल करून, नसबंदी आणि लसीकरण झालेले कुत्रे, रेबीजग्रस्त आणि आक्रमक सोडून, त्यांच्याच भागात परत सोडायचा आदेश दिला. सोसायट्यांच्या ग्रुपवर रात्री दोन-दोनपर्यंत भांडणं चालली होती. त्या दोन तारखांच्या मधोमध १५ ऑगस्ट होता. मी आमच्या ग्रुपवर मांजाबद्दल लिहिलं, तर त्यावर दोनतीन अंगठे आले आणि पुन्हा कुत्रे सुरू झाले. कुत्र्यांचा प्रश्न खरा आहे, चावा लागलेल्यांचं दुःखही खरं आहे. पण तेव्हाच ठरवलं, की मोठ्यांच्या ग्रुपपेक्षा मुलांकडे जायचं.

जवळच्या शाळेने त्यानंतरच्या जुलैत प्रार्थनेनंतरची वीस मिनिटं दिली. मी जखमांचे फोटो दाखवले नाहीत, पाचवीच्या मुलांना ते कशाला? एक नायलॉनचा तुकडा आणि एक सुती दोरा नेला. एकेका मुलाला जाडा हातमोजा घालून दोन्ही ओढून पाहायला दिले. सुती तुटला, नायलॉन तुटेना. मग पांढऱ्या कागदावर घारीचा पंख काढून दोरा कुठे लागतो ते दाखवलं. शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "आंटी, सादे धागे से पेच कैसे काटेंगे?" प्रश्न अगदी रास्त होता. नागपुरात आमचे मामा साध्या दोऱ्यावर पेच लावायचे. ढील कधी द्यायची आणि झटक्यात कधी खेचायचं, यावर सगळा खेळ. ते मी त्याला वर्गात रिकाम्या हातांनी करून दाखवलं. मुलं हसली, पण त्याने दोनदा विचारून घेतलं, आधी ढील की आधी खेच.

त्या पोराच्या वडिलांचं लक्ष्मीनगरला पतंगांचं दुकान आहे, हे नंतर बाईंकडून कळलं. दुकानात गेले तर ते म्हणाले, गिऱ्हाईक सुतीला हात लावत नाही, नायलॉन कुठून तरी आणतंच. मी भांडले नाही. सुती दोऱ्याच्या काही फिरक्या विकत घेतल्या आणि सोसायटीत वाटल्या. आता त्यांनी काउंटरवर सुती फिरक्या समोर मांडल्या आहेत. मागे काय ठेवलं आहे ते मला माहीत नाही, पण समोर सुती आहे.

राहिलेलं काम १६ ऑगस्टचं. सकाळी सहाला आम्ही काही जण बागेत जमतो आणि झाडांवरचा, विजेच्या तारांपासून लांबचा दोरा उतरवतो. तारांवरचा मांजा वीज कंपनीला कळवायचा, त्याला हात लावायचा नाही. येणाऱ्यांनी लांब बांबू, आकडी, बोथट टोकाची कात्री आणि जाडे हातमोजे आणावेत. दोरा गोणीत भरण्याआधी त्याचे बारीक तुकडे करायचे, नाहीतर कचऱ्यातून तो गाझीपूरला जातो, आणि तिथे घारी आहेतच.