चि. स्फिंगोबियम यास

चि. स्फिंगोबियम इंडिकम बी-90ए,

मायन्यापाशीच अडलो. तुझं जिवाणूंचं कूळ आमच्या कितीतरी आधीचं, म्हणजे खरं तर 'तीर्थरूप' लिहायला हवं. पण एकाचे दोन, दोनाचे चार होत राहणाऱ्याला 'चिरंजीव'च शोभतं.

आमच्याकडे माळ्यावर पत्र्याच्या डब्यात बीएचसी पावडर असायची. ढेकूण झाले की आजी ती खाटेच्या फटींत भरायची आणि हात पदराला पुसून स्वयंपाकाला लागायची. तो कुबट वास अजून नाकात आहे.

कीटकनाशक म्हणून हे रसायन 1940 च्या दशकात आलं. ते खाणारा तू 1990 च्या सुमारास उसाच्या मुळांपाशी सापडलास, 'इंडिकम' असं बारसं 2005 मध्ये झालं. प्रयोगशाळेतल्या बशीत त्या रसायनाचा पांढुरका थर असतो. त्यावर तुझा पिवळा ठिपका वाढतो आणि भोवती स्वच्छ कडं उमटतं, चाटूनपुसून जेवल्यासारखं. रेणूवर सहा क्लोरीन. तुझं 'लिन-ए' एन्झाइम क्लोरीन उपसून काढतं, 'लिन-बी' उरलेल्या क्लोरीनच्या जागी पाण्यातला हायड्रॉक्सिल बसवतं. पन्नासेक वर्षांत हे जमवलंस! आम्हाला तेवढ्यात साधी बंदीही पुरती जमली नाही: बीएचसीवर ती 1997 मध्ये आली, तरी लिंडेन चालूच राहिलं.

लिंडेन म्हणजे त्यातला फक्त गॅमा प्रकार. कीड मारतो तो हाच, आणि मूळ मालात तो जेमतेम 10 ते 15 टक्के. त्यामुळे एक टन लिंडेनमागे 8 ते 12 टन नको असलेला माल उरायचा, तो उघड्यावर ओतला जायचा. लखनौजवळच्या उम्मरी गावात असाच ढीग आहे. दिल्ली विद्यापीठातले रूप लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुला मक्याच्या कणसांच्या भुग्यात मुरवून अशा मातीत सोडून पाहिलं. त्यातले अल्फा, गॅमा हे प्रकार तू झपाट्याने संपवतोस.

तक्रार आहे ती बीटाची. त्याचे क्लोरीन असे बसलेत की 'लिन-ए'ची डाळ शिजत नाही. 'लिन-बी' एखाद-दुसरा काढतं, तेही रेंगाळत. बाकीचं पानात टाकून तू उठतोस. लहानपणी आम्हाला यावर मार बसायचा.

आजीच्या डब्यातही बीटा होताच. खाट मोडली तेव्हा तिच्या फळ्या परसात, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर टाकल्या होत्या. माती तिथे बारमाही ओली असते. जमलं तर एक चक्कर टाक.

तुझा,
त्या खाटेवर झोपलेला एक