शब्दाची शेपटी

इंग्रजी म्हटले की अजूनही आपल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. शब्द पाठ होतात, पण वाक्यात बसवताना गाडी अडते. शनिशिंगणापुरात वस्तीवरच्या मुलांचा संध्याकाळी अभ्यास घेताना आम्हाला दिसले, की मुले अडतात ती बहुतेक वेळा शब्दाच्या शेपटीला.

शेपटी म्हणजे प्रत्यय. मराठीत तो आपण न शिकता वापरतो. 'गोड' हे विशेषण, 'गोडवा' हे नाम. इंग्रजीतही तसेच. 'काइंड' म्हणजे दयाळू, 'काइंडनेस' म्हणजे दयाळूपणा, 'काइंडली' म्हणजे दयाळूपणे. मूळ एक, कामे तीन.

आमच्या गावाचेच घ्या. घरांना दारे न लावण्याची इथली प्रथा सर्वांना ठाऊक आहे. 'डोअर' हे नाम. त्याला 'लेस' लागले की 'डोअरलेस', म्हणजे बिनदाराचे, हे विशेषण. २०११ साली इथे युको बँकेची शाखा निघाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला 'लॉकलेस' म्हटले. हे सांगताच मुलांनी 'होमलेस', 'जॉबलेस' स्वतःच जुळवले.

शेपटी न ओळखणे कष्टकऱ्याला महागात पडते. 'एम्प्लॉय' म्हणजे कामावर ठेवणे. 'एम्प्लॉयर' म्हणजे ठेवणारा मालक, 'एम्प्लॉयी' म्हणजे ठेवलेला कामगार. प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर हे दोन्ही शब्द असतात. आपल्या पगारातून किती कापले आणि मालकाने किती भरले, हे त्या शेपटीवरूनच कळते.

शेपटी कधी फसवतेही. 'कुक' म्हणजे स्वयंपाकी, पण 'कुकर' म्हणजे भांडे! 'फ्रेंडली'ला 'ली' असूनही ते विशेषणच. म्हणून शब्द नेहमी वाक्यात पाहावा.

आता एक मोठा शब्द. 'टच' म्हणजे शिवणे, हे क्रियापद. 'टचेबल' म्हणजे शिवता येण्याजोगा, हे विशेषण. पुढे 'अन' लावून 'अनटचेबल' केले, तर अर्थ उलटतो, पण शब्द विशेषणच राहतो. शेवटी 'इटी' आली की 'अनटचेबिलिटी', म्हणजे अस्पृश्यता, हे नाम होते. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७व्या कलमात हाच शब्द आहे. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे पहिल्या शब्दात बोट माणसाकडे जातं, दुसऱ्यात रूढीकडे. कायद्यानं रूढी मोडली." आम्हाला यापुढे समजावून सांगण्यासारखे काही उरले नाही.

आयाबायांनो, इंग्रजी येत नसले तरी मुलांचा अभ्यास घेता येतो. वहीत क्रियापद, नाम आणि विशेषण असे तीन रकाने आखून द्या. रोज एक मूळ शब्द घेऊन रकाने भरायला सांगा, आणि भाकरी थापता थापता एवढेच विचारा, "याची शेपटी कोणती, अन् ती काय काम करते?" सांगता सांगता मूल आपोआप शिकते.