फोंडा घाटातली खूण

मालवण-कोल्हापूर एसटीत लहानपणी माझी ठरलेली जागा ड्रायव्हरमामांच्या शेजारी, इंजिनाच्या बॉनेटलगत. वर गोणपाट टाकलेलं असे, तरी पोटऱ्या भाजत. पण तिथून मामांचे हात दिसायचे. कसाल, कणकवली मागे पडून फोंडा आलं की डावा हात गिअरवरून हलत नसे. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा त्यांचा नेम. उतारभर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर लायनर तापतात, पकड सुटते. म्हणून गाडी इंजिनानेच रोखून धरायची.

आणि गाड्या एकमेकींशी बोलत. वळणावर लांब हॉर्न. चढणाऱ्याला आधी वाट. पुढच्या ट्रकचा क्लीनर दारातून अर्धा बाहेर झुकून पंजा खालीवर हलवी, की मामा लगेच वेग कमी करत. समोरून येणारी एसटी दोनदा दिवे मारी आणि खिडकीला खिडकी लागली की क्षणभर थांबे.

“फुडे दरड इली हा रे, सावकाश जा.”

वळणापलीकडची खबर वळणाआधीच हातात! चतुर्थीच्या गर्दीतही मामांना करकचून ब्रेक दाबावा लागल्याचं मला आठवत नाही.

त्या खबरेची किंमत मला फार उशिरा, वाचताना कळली. पुढचा जरासा ब्रेक लावतो, मागच्याला ते उमगायला सेकंदभर जातो, म्हणून तो जास्त जोरात दाबतो. त्याच्या मागचा त्याहून जोरात. रांगेच्या शेपटाला गाडी उभीच राहते. जपानी संशोधकांनी 230 मीटरच्या वर्तुळात 22 मोटारी एका वेगाने चालवायला सांगितल्या. वाटेत अडथळा कसलाच नव्हता, तरी खोळंबा झाला आणि लाटेसारखा मागे मागे सरकत राहिला. 2008 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. याचा उताराही आधीच सापडला होता. 1997 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ 8 मोटारी जेमतेम साडेसहा मीटर अंतर ठेवून महामार्गावर धावल्या. पुढच्या गाडीची हालचाल मागच्यांना रेडिओवरून कळत होती. क्लीनरचा पंजाच तो, फक्त डोळ्यांना न दिसणारा.

आता भाच्याच्या मोटारीला रडार आहे. पुढच्या गाडीशी अंतर ती स्वतःच राखते; पण त्या गाडीच्या पुढे काय चाललंय, याचा तिला पत्ता नसतो. फोनवरच्या नकाशात रस्ता लाल होतो तोवर गाड्या तुंबलेल्या असतात. 2019 पासून नव्या बसगाड्यांना ठिकाण कळवणारं यंत्र सक्तीचं झालं. ते नियंत्रण कक्षाला सांगतं, मागून येणाऱ्या गाडीला नाही. मला मनापासून वाटतं, गाड्यांना बोलतं करणाऱ्या या शास्त्राने आमच्या घाटात यावं. इथे भरलेला ट्रक आणि रिकामी मोटार एकाच अंतरात थांबत नाहीत, रस्त्यावर ओली माती उतरलेली असते, फोनची रेंज वळणावळणाला जाते. हे सगळं ज्या गणितात धरलेलं असेल, ते गणित आमचं.

गेल्या पावसात भाच्याबरोबर घाट उतरत होतो. धुकं दाट, पडद्यावर पुढचा रस्ता मोकळा. वर चढणाऱ्या एका लाल गाडीने दोनदा दिवे मारले. भाच्याला काही कळेना.

“गिअर उतरव,” मी म्हटलं.

वळण घेतलं, तर निम्म्या रस्त्यावर आडवं झाड.