धुरा आणि बांध

काही वर्षांपूर्वी बुलढाण्यात पदवीच्या वर्गाला मराठी लघुकथा शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने स्वतःची कथा आम्हांस वाचावयास दिली. दोन भावांमधील धुऱ्याच्या भांडणाची. संवाद वऱ्हाडीत होते. त्याला आमची हरकत नव्हती. परंतु निवेदनातही ‘वावर’, ‘धुरा’, ‘कास्तकार’ हे शब्द आले, तेव्हा तांबड्या शाईने आम्ही ‘शेत’, ‘बांध’, ‘शेतकरी’ लिहिले. मुलगा आज्ञाधारक. आठ दिवसांनी त्याने शुद्ध प्रत आणून दिली. तिच्यातले भांडण कुठल्याही गावचे झाले होते, म्हणजे कुठलेच उरले नव्हते.

आमच्यापुढचा कथेचा इतिहास तेव्हा सरळ होता: ‘करमणूक’मधील (१८९०) हरिभाऊंच्या स्फुट गोष्टी, मग गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची नवकथा. बोली ही त्यात पात्रांच्या तोंडी घालावयाची गोष्ट. निवेदक मात्र प्रमाण भाषेचा. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडलेली की ती कोणी ठरविली, हा प्रश्नच सुचत नसे.

तो सुचला लू शुनची ‘वेड्याची रोजनिशी’ (१९१८) शिकविताना. या कथेची प्रस्तावना अभिजात चिनीत आहे. रोगी बरा झाला, सरकारी नेमणुकीच्या प्रतीक्षेत निघून गेला, असे निवेदक त्या प्रतिष्ठित भाषेत सांगतो. रोजनिशी मात्र बोलभाषेत. जे दिसले ते सांगण्याचे धैर्य वेड्याच्या भाषेला. शहाणपणाची भाषा मागे सरून दार लावून घेते. आम्ही त्या मुलाच्या कथेला नेमकी अशीच एक प्रस्तावना जोडली होती, फरक इतकाच की लू शुनला तिच्यातला उपरोध ठाऊक होता.

याच जिल्ह्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख तोवर ‘लचांड’, ‘उठावण’, ‘महालूट’ असे कथासंग्रह लिहून गेले होते. शीर्षकेच पाहा, एकही शब्द घासूनपुसून घेतलेला नाही. ‘बारोमास’ला (२००२) साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो २००४ साली, त्यानंतर कादंबरीची चर्चा पुष्कळ झाली, कथांची त्या मानाने थोडी. आम्हीही कथा वाचल्या त्या उशिराच, आणि वाचताना ती तांबडी शाई आठवत राहिली.

पुढे एकदा तो मुलगा भेटला. मूळ कथा आहे का, असे आम्ही विचारले. ‘नाही सर,’ तो म्हणाला, ‘तुम्ही तपासलेलीच ठेवली.’