उजेडाला देणे

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी २०२४ च्या जुलैत मी ह्यूस्टनला गेले, ती डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि पुष्कळशी काळजी बरोबर घेऊन. आपले इंग्रजी तिकडे चालेल ना, ही त्यातली एक. पण भाषेची खरी अडचण मी पाहिली ती समोरच्या बिऱ्हाडातल्या मेक्सिकन बाईची.

तिलाही सहावा महिना होता. आम्हां दोघींना एकमेकींचा शब्द कळत नसे; पण मी लाडू दिला, तिने मक्याच्या पिठाचे गरम आतोले दिले, आणि आमचे जमले. मध्यस्थी करी ती तिची दहा वर्षांची मुलगी, आणि थोडीफार माझी लेक, तिच्या मोडक्या स्पॅनिशने. त्यांच्याकडेही बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात म्हणे. आपला सव्वा महिनाच की हा!

एका संध्याकाळी ती लोहाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. रोज खरेच अकरा घ्यायच्या का, असे विचारू लागली. लेकीने बाटली पाहिली मात्र, तिच्या तोंडचे पाणी पळाले. वर इंग्रजीत 'वन्स' छापले होते, दिवसातून एकदा. तीच चार अक्षरे स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचतात, आणि ओन्से म्हणजे अकरा! नशीब, बाईने विचारले.

दवाखान्यात डॉक्टरचे बोलणे ती पोरच जमेल तसे आईला सांगे. बाईचा खर्च मेडिकेड उचलीत होते. ही सरकारी योजना १९६५ सालची. अमेरिकेतल्या दर दहा बाळंतपणांपैकी सुमारे चारांचा भार तिच्यावर असतो. असा सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने दुभाषी फुकट द्यावा, एरवी लहान मुलांवर ते काम टाकू नये, असा तिथला नियम. पण तो तिला कोणी सांगितलाच नव्हता.

पुढच्या खेपेस आम्ही बरोबर गेलो. लेकीने दुभाषी मागितला. फोनवरून स्पॅनिश बोलणाऱ्या एका बाईचा आवाज आला, तशी पोरीला घेऊन मी बाहेर बसले. अर्ध्या तासाने ती डोळे पुशीत बाहेर आली. पोर पुढे धावली तेव्हा तिने लेकीला सांगितले, की मागे सातव्या महिन्यात तिचे एक बाळ गेले होते. डॉक्टरच्या कानी ते आज प्रथम पडले. "हिच्या तोंडून कशी सांगणार होते मी?" एवढेच ती म्हणाली. तिथून पुढे डॉक्टर तिला जास्त जपू लागले.

आमची नात सप्टेंबरात आली. तिचा मुलगा ऐन दिवाळीच्या आठवड्यात. टेक्सासात पूर्वी बाळंतपणानंतर मेडिकेड दोन महिन्यांत संपे. २०२४ च्या मार्चपासून ते वर्षभर चालते. तेवढा तरी घोर तिला नव्हता.

स्पॅनिशमध्ये बाळंत होण्याला 'दार आ लुस' म्हणतात. उजेडाला देणे! लेकीने अर्थ सांगितला, आणि त्या संध्याकाळी मी दारात दोन पणत्या लावल्या, दोन्ही बाळांच्या. ती बाळाला घेऊन दारात उभी होती. मी तिसरीही लावली. ती कोणाची, हे तिला कोणत्याच भाषेत सांगावे लागले नाही.