निजामशाहीचा निनावी चित्रकार

अहिल्यानगरात, म्हणजे जुन्या नगरात, सावेडीच्या बाजूला हश्त-बिहिश्त बागेचा अष्टकोनी महाल भग्नावस्थेत उभा आहे. अहमद निजामशहाने १५०६च्या सुमारास ही बाग वसवली, तेव्हा तो तळ्याच्या मधोमध होता. नगरच्या बागांना पाणी यायचं ते दूरवरून, खापरी नळांतून. या कोरड्या मुलखात मुद्दाम आणलेल्या पाण्यावर सावली वाढली, फुलं आली, आणि ती न्याहाळणारे डोळेही आले. अशाच एका डोळ्याच्या शोधात मी इथे आलो होतो.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही फारसी पोथी आहे. आफताबी कवीने हुसेन निजामशहाची आणि राणी खुंझा हुमायूनची स्तुती गायली. १५६५च्या आसपास, तालिकोटच्या लढाईनंतर, ती चित्रांनी सजली. त्यातली बारा चित्रं आज उरली आहेत. दरबाराची, लढाईची चित्रं नेटकी आहेत, पण माझा जीव जडला तो दोहदाच्या चित्रावर. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरतं, ही संस्कृत काव्यातली आणि देशी शिल्पातली जुनी कल्पना या फारसी पोथीत फुलून आली आहे. चितारणारा हात कुणाचा का असेना, त्याला या मातीची ओळख होती, असं मला ठामपणे वाटतं.

हा हात कुणाचा, असा विचार करताना मला जपानचा एक चित्रकार आठवतो. तिथे फुला-पक्ष्यांच्या चित्रांची परंपरा मोठी. क्योतोचा इतो जाकुचू (१७१६–१८००) निशिकी बाजारातल्या भाजीच्या पेढीचा वारस. चाळिशीत त्याने पेढी भावाकडे सोपवली. तो अंगणात कोंबड्या पाळायचा आणि त्यांना तासन् तास बघून मग रेखाटायचा. फुला-पक्ष्यांचे, मासे-किड्यांचे त्याचे तीस रेशमी पट शोकोकुजी मंदिराला अर्पण झाले. त्याचा बाजार, त्याचं घराणं, सगळं ठाऊक आहे. नगरच्या चित्रकाराचं नावसुद्धा नाही! त्याने रंगवलेली राणीही पुढे बहुतेक चित्रांत कुणीतरी झाकून टाकली. १५६९मध्ये मुलाने, मुर्तझाने, तिला कैद केलं. अभ्यासक या पुसण्याचा संबंध त्या घटनेशी जोडतात.

हश्त-बिहिश्त बागेतून मी नगरच्या भुईकोट किल्ल्याकडे गेलो. १५५९ ते १५६२च्या दरम्यान हुसेनशहाने तो दगडात बांधून काढला, म्हणजे चित्रकाराच्याच काळात. सोलापूर रस्त्याकडचा फराहबागेचा महाल १५८३चा, म्हणजे नंतरचा. तरी त्याच्या भव्य घुमटाखाली उभं राहिलं की दरबाराचा बागांचा सोस कळतो.

दोन्ही बागांत त्या बारा चित्रांच्या मोठ्या प्रती लावायला हव्यात. नगरच्या शाळकरी मुलांना अहिल्यानगरच्या इतिहासात लढायांसोबत हे बहरलेलं झाडही भेटलं पाहिजे.